हिंमतरावाची बोट आणि बाईचं दळण

देव गेला की राहिला, यावरून बापलेकांचं जुंपलं होतं, आणि गोजरबाई मधल्या खोलीत बाजेवर बाळाला पाजत सगळं ऐकत होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. ओसरीवर तिचा बाप रंगराव आणि पाठचा भाऊ हिंमत. धरण बांधून झालं होतं, पाणी यायचं तेवढं बाकी होतं. गावातले देव बैलगाडीत बसवून नव्या गावठाणात नेले होते. मरीमाय गेली, म्हसोबा गेला. पण वेशीतला मारुती म्हणजे भुईतून वर आलेला खडकच, त्याला उपटणार कोण? मग पंचांनी भटजी आणला, मंत्र म्हटले, मारुतीतला देव कलशात उतरवून घेतला आणि तो कलश नव्या गावात नेऊन ठेवला. रंगराव त्या पंचांतलाच एक.

बापाचं म्हणणं, देव नेला, मागं राहिलं ते देऊळ रिकामं. पोराचं म्हणणं, लोटाभर पाण्यात बसून निघून जाईल असला आपला मारुती नव्हे. बराच वेळ दोघं एकमेकांना खालीवर बोलत होते. शेवटी रंगराव म्हणाला, "दगड हाये तो आता. नुसता दगड."

"मंग पाय देऊन दाखवा त्याच्यावर."

रंगरावानं खांद्यावर फडकं टाकलं आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. बैलांनी तर मघाशीच पाणी पिलं होतं. गोजरबाई आत मनातल्या मनात म्हणाली, पोरगं जिंकलं. आणि तिला बरं वाटायच्या जागी कसंतरीच झालं. जिंकलेलं भांडण घरजावयासारखं असतं, एकदा घरात घेतलं की जन्मभर पोसावं लागतं.

पाणी आलं. जुनं गाव गेलं. हिंमताचं नवं गाव अल्याडच्या काठावर, गोजरबाईचं सासर पल्याडच्या. मधात धरण. गोजरबाई खळ्यात उभी राहिली की तिला नव्या गावाची पाण्याची टाकी दिसायची, दिवाळीला दिवेसुद्धा दिसायचे. पण जायचं म्हटलं की इकडून जीप, मग चिखली, चिखलीवरून एसटी, आणि फाट्यावर उतरून पायपीट. डोळ्याला दिसते पण पायाला सापडत नाही, असं माहेर झालं. आधी दिवाळीला जायची. मग आईबाप गेले, गुडघे गेले, आणि मग कुणी मेलं तरच जायची.

हिंमताचा हिंमतराव झाला. एसटीत डायवर लागला. चिखलीच्या आजूबाजूचे सगळे रस्ते त्यानं खड्ड्यासकट पाठ केले. उभ्या नोकरीत त्याच्या गाडीखाली कुत्रंसुद्धा आलं नाही, याचा त्याला मोठा गर्व. गाडीतून उतरताना तो चाकाला हात लावून पाया पडायचा, आणि रस्त्यात देऊळ लागलं की स्टेरिंगवरचा एक हात छातीला लावायचा. ते सगळेच डायवर करतात. रस्त्यावर ते चालून जातं.

रिटायर झाल्यावर माणसं मोटरसायकल घेतात, कुणी चार बकऱ्या घेतात. हिंमतरावानं बोट घेतली. कुठल्यातरी तलावावरचं बोटिंग बंद पडलं होतं, तिथली ती निळी फायबरची बोट, मागं पेट्रोलचं इंजिन. दसऱ्याच्या आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ती गावात आली तेव्हा लग्नाच्या वरातीला निघावं तसं गाव मागं निघालं. हिंमतरावाची बायको पंचफुला दारात उभी होती. तिनं बोटीला ओवाळलं, कुंकू लावलं, आणि नवऱ्याला विचारलं, "पोहता येते का तुमाले?"

नाही येत, हे तिलाही ठाऊक होतं. जुन्या गावच्या नदीला दिवाळीनंतर गुडघाभर पाणी राहायचं. त्यात पोहायला शिकणार कोण? म्हशीसुद्धा बसून अंग ओलं करायच्या.

हिंमतराव म्हणाला, बसमधे बसणाऱ्यानं धावता येते का, असं कुणी विचारते का?

पहिल्या रविवारी पंचफुलाला नवं लुगडं नेसवून त्यानं बोटीत बसवलं. काठापासून जरा आत गेल्यावर तिच्या पायांना गार लागलं. बघते तर तळाला पाणी. बोटीच्या मागच्या अंगाला एक भोक असतं, पाणी काढून टाकायला. बाहेर काढल्यावर त्याचं बूच उघडायचं आणि पाण्यात घालायच्या आधी बसवायचं. हिंमतरावानं बूच हरवू नये म्हणून जपून घरी देव्हाऱ्यात ठेवलं होतं. पंचफुला डब्यातल्या पुऱ्या पदरात ओतून डब्यानं पाणी उपसत काठापर्यंत आली. त्यानंतर ती बोटीत बसली नाही. काठावर बसून मात्र राहायची, तो परत येईपर्यंत.

दुसऱ्या खेपेला इंजिनाच्या पंख्यात गोविंदाचं जाळं गुंतलं. गोविंदा भोई, धरणात मासे धरतो. त्यानं शिव्या दिल्या नाहीत, हिंमतराव वयानं मोठा. तासभर पाण्यात उतरून त्यानं जाळं कापलं, आणि जाता जाता म्हणाला, "काका, पाण्याले रस्ता नसते. अंदाजानं नका हाकू."

हिंमतरावाला ते पटलं नाही. रस्ता कसा नाही? खाली अख्खं गाव आहे की. टाकी आणि टेकडीवरचं कडुलिंब एका ओळीत धरलं की आपण पांदणीवर आलो, तिथून डाव्या हाताला वळलं की चावडी, सरळ गेलं की वेस. तो बोट हाकायचा ती पाण्यावरून नव्हे, जुन्या गावच्या रस्त्यानं. बोटीच्या समोर त्यानं एसटीच्या पाटीसारखी पाटी लावली होती, तिच्यावर लिहिलेलं, जुनं गाव.

आणि मग एका रविवारी गोजरबाई खळ्यात शेंगा निवडत असताना पाण्यावरून आवाज आला. निळं काहीतरी येताना दिसलं, जवळ आलं, फारच जवळ आलं. बोटीला ब्रेक नसतो. हिंमतरावानं जन्माच्या सवयीनं पाय दाबला तो फळीवर, आणि बोट काठावर बसलेल्या दोन म्हशींच्या मधात जाऊन चिखलात घुसली. म्हशी उठल्या नाहीत. हिंमतराव खाली उतरला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "बाई, चाल. माहेर आलं तुयं."

गोजरबाई रडली. कुणाला दाखवलं नाही, पण रडली.

त्या दिवशी तो तिला पाण्यावर घेऊन गेला. आता पांदण. आता आपला गोठा. आता हे बघ, आपलं अंगण, आई इथं बसून जातं ओढायची. गोजरबाईनं बोटीच्या काठाला धरून खाली वाकून पाहिलं. पाणी काळंहिरवं, घट्ट, मुरलेल्या लोणच्याच्या बरणीसारखं. अंगण दिसलं नाही. तिचंच तोंड दिसलं, ते हलत होतं, आणि तोंडाखालून काहीतरी गार वर येत होतं. तिनं मान वर घेतली.

मग हिंमतरावानं इंजिनाचा जोर कमी केला, चपला काढल्या, पाटाशेजारी जोडून ठेवल्या आणि उभा राहिला. इंजिनाचा दांडा सोडून दिला. दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. गोजरबाईला आधी कळेना. मग कळलं, आपण वेशीत आलो, खाली मारुती आहे. दांडा सोडल्यावर बोट आपोआप एका अंगाला वळायला लागली, गोल. उभा माणूस मधात झुलत होता, बाजारातल्या पाळण्यात उभं राहिल्यासारखा.

"बस ना बे खाली," ती म्हणाली.

"देवावरून बसून जाऊ का? आन् पाह्य, मी काहीच करून नाही राह्यलो. बोट सोताच प्रदक्षिणा घालते."

तेव्हा ती हसली. घरी येऊन रात्री अंथरुणावर पडली, तेव्हा मात्र तिला तो झुलताना दिसत राहिला.

पण सुख असं की सांगता येत नाही. दर रविवारी भाऊ यायला लागला. येताना मेथी, वांगे, पंचफुलानं दिलेला ठेचा. आणि दळण. गोजरबाईची ज्वारी तो रविवारी घेऊन जायचा आणि पुढच्या रविवारी पीठ आणून द्यायचा. गोजरबाईच्या घरापासून दोन बोळ सोडून गिरणी आहे, चांगली चालती गिरणी. पण हिंमतराव म्हणायचा, ती भरडते, आमची बारीक दळते. तिनंही कधी म्हटलं नाही की तुमचीच भरडते. पेट्रोल जाळून पायलीभर ज्वारी दळायला धरणापार न्यायची, असा उद्योग साऱ्या तालुक्यात दुसऱ्या कुणाचा नसेल. गिरणीवाला हसायचा. हसू दे. सत्तरीकडे झुकलेल्या बाईच्या घरी दर आठवड्याला माहेरचा माणूस येतो, हे किती जणींच्या नशिबात असतं?

बोटीबरोबर एक भगवं जाकीट आलं होतं, बुडू नये म्हणून घालायचं. ते दळणाच्या पिशवीवर झाकलेलं असायचं. पिशवीवर पाणी उडू नये म्हणून.

संक्रांतीच्या सुमाराला पंचफुलाचा फोन आला. ती एरवी फोनवर दोनच शब्द बोलणारी. म्हणाली, बाई, मले भेव वाटते. मी बोलली तं ऐकत नाही. तुमचं ऐकतीन. तुम्ही एक डाव म्हना, बोटीनं नको येऊ.

गोजरबाई म्हणाली, हाव, म्हणते.

रविवारी ती काठावर जाऊन उभी राहिली, शब्द तोंडात घोळवून. दुरून इंजिनाचा आवाज आला आणि शब्द परत पोटात गेला. पुढल्या रविवारीही तसंच. त्याच्या पुढल्याही. तिला ठाऊक होतं, हे एक वाक्य बोललं की आपला रविवार गेला. जीप, चिखली, एसटी. तो दोनदा येईल, मग सणाला येईल, मग कुणी मेलं की येईल. आणि मेलं तर कोण, तीच. म्हणून ती भावाला चहा द्यायची, गूळ जास्त घालायची, आणि तो परत निघाला की खळ्यात उभी राहायची. पाण्याच्या मधोमध निळा ठिपका थांबायचा. ठिपक्यावर एक काडी उभी राहायची. गोजरबाई तेवढा वेळ श्वास घ्यायची नाही. काडी खाली बसली की ती घरात जायची.

शिमगा झाला. ऊन तापलं. कालव्याला पाणी सुटलं, काठावरच्या मोटारी रात्रंदिवस ओढायला लागल्या. पाणी उतरलं. एक एक हात उतरत गेलं तसं काठावर पांढऱ्या रेघा सुटत गेल्या, एकीखाली एक. आधी टेकाडावरच्या बाभळीचे बुंधे वर आले, काळे, सालीवाचून. मग कुणाच्यातरी घराची भिंत. तिच्यावर बगळे बसायचे. वाऱ्याबरोबर जुन्या गाळाचा वास यायचा, आणि गोजरबाईच्या म्हशी पाण्यापाशी जाऊन उभ्या राहायच्या, नाक फेंदारायच्या, आत उतरायच्या नाहीत.

दुष्काळ पडला की मारुतीचं देऊळ उघडं पडतं, माणसं चालत जाऊन नारळ फोडून येतात. पाऊसपाणी चांगलं असलं की ते खोल असतं, कुणाला काही नाही. औंदा पाणी ना धड होतं, ना नव्हतं. कळस पाण्याखाली टीचभर येऊन थांबला होता. वरून दिसत नव्हता.

गोविंदाची मासे धरायची डोंगी त्याला घासली. त्यानं त्याच दिवशी पेट्रोलची एक रिकामी पांढरी कॅन दोरीनं कळसाला बांधली आणि वर तरंगत सोडली. येणाऱ्याजाणाऱ्याला दुरून कळावं, इथं येऊ नका म्हणून.

रविवारी हिंमतराव आला तोच खुशीत. बाजेवर बसायच्या आधीच सांगायला लागला. "गोविंदानं लई चांगलं काम केलं, बाई. इतके दिवस टाकी पाह्य, लिंब पाह्य, अंदाज लाव. येखांद्या डाव देव राह्यते इकडं, आपण हात जोडतो तिकडं. आता कॅन बांधली त्यानं. सरळ कॅनपाशी जाचं, अन् उभं राह्याचं."

गोजरबाईच्या हातातली बशी तशीच राहिली. "कॅन काऊन बांधली त्यानं?"

"देऊळ कुठी हाये ते समजाले."

"कळस किती खाली हाये?"

"असंन हातभर. बोट जाते वरून. आज घासली थोडी." हे तो असं म्हणाला, जसं एसटीला फांदी घासली.

गोजरबाई उठली, बशी चुलीपाशी ठेवून आली, आणि इतके महिने पोटात ठेवलेलं वाक्य तिनं त्याच्यासमोर काढून ठेवलं.

"हिंमत, आता तू बोटीनं नको येऊ. पुढच्या रविवारी येस्टीनं ये."

"काऊन?"

"मी म्हनते म्हनून. पाणी चढलं का मंग आण तुयी बोट."

तो हसेल, असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. पायाकडं बघत बसला. त्याच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे, पण मोठ्या बहिणीचा शब्द त्यानं लहानपणापासून मोडला नव्हता. "बरं," तो म्हणाला. "येस्टीनं येतो." जाताना त्यानं ज्वारीची पिशवी नेली, नेहमीसारखी. त्या दिवशीही ठिपका मधोमध थांबला, काडी उभी राहिली, काडी बसली. गोजरबाईनं सुटल्यासारखा श्वास घेतला. संध्याकाळी तिनं पंचफुलाला फोन करून सांगितलं, बोलली वं मी. पंचफुला म्हणाली, देव तुमचं भलं करो.

तो आठवडा गोजरबाईला लांब गेला. मन असं असतं, मागितलेलं मिळालं की त्यालाच रुखरुख लागते. घरातलं पीठ संपत आलं. दोन बोळांवरच्या गिरणीत जायला तिचे पाय निघेनात.

शनिवारी संध्याकाळी हिंमतरावाचा फोन. म्हणाला, येस्टी आठाले सुटते आन् गिरणी दहाले उघडते. आज दळणार होतो, तं गिरणीले लाईट नव्हती. तं दळणाचं कसं करू? तसाच येतो, रिकाम्या हातानं. पीठ तू तुमच्या गावातून आणून घेजो.

म्हणायचं काहीच नव्हतं. हाव म्हटलं असतं की झालं. गोजरबाई फोन कानाला लावून खळ्याकडं बघत राहिली. पाण्यापार टाकीवरचा दिवा लागला होता. रिकाम्या हातानं आलेला भाऊ आणि उद्यापासूनचे सगळे रविवार तिला एकदम दिसले.

"बोटीनं येतो का मंग?" त्यानंच विचारलं. हळूच विचारलं, लहानपणी गाभुळलेली चिंच मागायचा तसं.

"या डाव आण," ती म्हणाली. "पण कॅनपाशी नको जाऊ. काठाकाठानं ये."

"काठाकाठानं येतो."

आला काठाकाठानंच. बहिणीला दिलेला शब्द येताना पाळला. परत जाताना मात्र मारुतीला न भेटता जायचं त्याच्यानं झालं नाही. ऊन कलताना गोविंदा जाळी टाकायला निघाला, तेव्हा त्याला इंजिनाचा आवाज एकाच जागेवरून येताना ऐकू आला. निळी बोट पांढऱ्या कॅनभोवती फिरत होती, गोल, सावकाश, रिकामी. बुडाला कळसाचा नवा ओरखडा होता. पाटाशेजारी चपलांचा जोड नीट लावून ठेवलेला होता. हिंमतराव दुसऱ्या दिवशी सापडला. अल्याडच्या काठावर पंचफुला तोवर बसूनच होती, तिला उठवायला चार जणी लागल्या.

पण ते संध्याकाळचं. दुपारी तो आला तेव्हा यातलं काही नव्हतं. त्यानं बोट हळू लावली, म्हशींना धक्का न लागता, आता त्याला ते जमत होतं. भगवं जाकीट बाजूला करून पिठाची पिशवी उचलली आणि खांद्यावर घेऊन चढ चढून आला. बाईच्या डब्यात पीठ ओतलं, पिशवी उलटी करून झटकली, चिमूटभर पीठ बोटांत चोळून तिच्यासमोर धरलं. पाह्य, म्हणाला, कसं बारीक हाये. तुमच्यावाल्या गिरणीत होते का असं? गोजरबाई म्हणाली, नाही बाप्पा, कुठं होते. मग त्यानं कांद्याच्या फोडीसोबत दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी नको म्हणता म्हणता खाल्ली, पुढच्या आठवड्याची ज्वारी रिकाम्या पिशवीत मापून घेतली आणि पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं. मेथी पाण्यात घालून ठेव, नाही तं मलूल पडते, एवढं सांगून तो उतारानं खाली गेला.

गोजरबाईनं डब्याला झाकण लावायच्या आधी आत हात घातला. पीठ अजून कोमट होतं.